फ्रान्समध्ये बाहेर जेवायला जाताय? आधी घड्याळ बघा

नवीन आलेली मंडळी इथे हॉटेलात अडतात ती भाषेपेक्षा वेळेपायी. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सातसाडेसातनंतर. मधल्या वेळात बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंदच. तीन वाजता पोटात कावळे ओरडायला लागले, तर 'सेर्व्हिस कोंतिन्यू' (मध्ये न थांबता जेवण मिळतं) लिहिलेली ब्रासरी, म्हणजे साधं रेस्टॉरंट, शोधा, नाहीतर सरळ बेकरी गाठा.

सुरुवात दुपारपासून करा. त्याच स्वयंपाकघरातलं जेवण दुपारच्या 'फॉर्म्युल'मध्ये, म्हणजे ठरलेल्या किमतीच्या थाळीत, बरंच स्वस्त पडतं, आणि कंपनीने 'तिके रेस्तो', म्हणजे जेवणाचं कूपन, दिलं असेल तर दिवसाला २५ युरोंपर्यंत त्यातूनच भागतं. पॅरिसमध्ये असाल तर बुइयों शार्तिए या रेस्टॉरंटला जा. १८९६ पासूनचं, स्वस्त, गजबजलेलं. अनोळखी माणसांच्या शेजारी बसवतात, आणि वेटर ऑर्डर टेबलावरच्या कागदावरच खरडून बेरीजही तिथेच मांडतो.

आत शिरल्यावर आधी 'बोंजूर', मग बाकीचं. ते न म्हणता थेट ऑर्डर सोडलीत की वेटर तुसडा वाटतो; त्याच्या लेखी मात्र तुसडे तुम्ही. रिकामं टेबल दिसलं म्हणून परस्पर बसू नका. पाणी हवं तर 'यून काराफ दो' (पाण्याचा एक जग) म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं; नुसतं पाणी मागितलंत तर बाटली येते आणि बिलात लागते. पाव जेवणाबरोबर येतो, संपला तर पुन्हा मागता येतो. सर्व्हिस किमतीतच धरलेली असते, त्यामुळे टिपचं ओझं नको.

खरी गोम खाण्यात आहे. गोमांस टाळणाऱ्यांनी मेनूकार्डावर फक्त 'बफ' (गोमांस) शोधून चालत नाही. बाव्हेत, ओंगले, आंत्रकोत, फो-फिले ही सगळी गोमांसाचीच नावं, आणि 'व्हो' म्हणजे वासरू. तार्तार तर चक्क कच्चं. शाकाहाऱ्यांची कसोटी याहून मोठी. 'व्हेजेतारियाँ' म्हटल्यावर मासा चालेल असं समजणारे अजून भेटतात. बकरीच्या चीजचं सॅलड निर्धास्त मागवावं, तर त्यावर लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, भुरभुरलेले. कांद्याच्या सूपचं पाणी बहुधा गोमांसाच्या हाडांचं. म्हणून 'नि व्हियांद, नि प्वासों, नि लार्दों' (ना मांस, ना मासा, ना लार्दों) एका दमात म्हणायचं, आणि सूप असेल तर 'बुइयों', म्हणजे त्याचं पाणी, कशाचं ते विचारायचं. कोणी रागावत नाही.

माझ्या मते शाकाहाऱ्यांना सगळ्यात सोपी क्रेपरी, म्हणजे क्रेप (पातळ धिरडी) मिळतात ती जागा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताकडची कुट्टूच्या पिठाची गालेत, म्हणजे तिखटमिठाचं धिरडं, चीज आणि मशरूम घालून मागवा. 'कोंप्लेत' नको, तिच्यात हॅम आणि अंडं असतं. अंडंही न खाणाऱ्यांनी पिठात अंडं आहे का ते विचारून घ्यावं. शेवटची गोड क्रेप त्यांच्यासाठी बादच.

जेवण झालं तरी बिल आपणहून येत नाही, 'लादिसियों, सिल व्हू प्ले' म्हणावं लागतं. ताटात उरलंच तर बांधून मागा. जुलै २०२१ पासून मागणाऱ्याला डबा देणं हॉटेलांना बंधनकारक आहे. फ्रेंच लोक स्वतः मागायला लाजतात, तुम्ही लाजू नका.