स्पेनमधल्या घराची टेरेस आणि बाहेरचं स्वयंपाकघर: आधी ऊन-वारा, मग ओटा, शेवटी शेगडी

मालागापासून आलिकान्ते आणि पुढे बार्सेलोनापर्यंत भूमध्य किनाऱ्यावर घर घेतलेली परदेशी कुटुंबं टेरेसच्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा ग्रिल विकत घेऊन करतात. ग्रिल जिथे मावेल तिथे ओटा होतो, ओट्याच्या कडेला टेबल लागतं, आणि पहिल्याच जुलैत कळतं की संध्याकाळी सात ते साडेनऊ तिथे उभंही राहवत नाही. ग्रिल वर्षभरात बदलता येतं. ओट्याची जागा, पाण्याचा निचरा आणि सावली बदलायची तर तोडफोड करावी लागते. म्हणून ग्रिल सगळ्यात शेवटी घ्या.

ऊन आणि वारा

स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. उन्हाळ्यात मालागाला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे सव्वादोन वाजून गेलेले असतात आणि जूनअखेर सूर्यास्त साडेनऊच्या पुढे होतो. संध्याकाळी सात वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो. अडीच मीटर उंचीचं छत असलं तरी त्या तिरक्या कोनातून ऊन सव्वाचार मीटर आत येतं. महाराष्ट्रात डोक्यावरच्या उन्हाची सवय असल्याने आपण छताचा विचार करतो. इथे जेवणाच्या वेळेचं ऊन पश्चिमेकडून येतं, आणि जूनमध्ये तर सूर्य पश्चिमेच्याही ३० अंश उत्तरेला सरकून मावळतो. त्याला अडवायला उभा पडदाच लागतो: वरून खाली उतरणारा टोल्डो (गुंडाळता येणारा कापडी पडदा), सरकत्या पट्ट्यांची जाळी किंवा वेल.

काम सुरू करण्याआधी एक दिवस टेरेसवर सकाळी अकरा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेआठ अशा चार वेळी सावलीची कडा खडूने आखा. जून-जुलैत आखता आली तर उत्तमच. दक्षिणेकडची बाजू सांभाळायला सोपी आहे. उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य ७६-७७ अंशांवर असल्याने छताची सावली पुरते, आणि डिसेंबरात तोच सूर्य ३० अंशांवर उतरून खोलवर ऊब देतो. म्हणून दक्षिणेला पक्कं बंद छत घालू नका. द्राक्षवेल किंवा ग्लिसिनियासारखी पानगळ होणारी वेल, नाहीतर उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांचा पर्गोला बरा. बोगनवेल दिसायला सुंदर असली तरी तिची फुलं-पानं वाऱ्याने थेट ओट्यावर आणि मोरीत येतात, तेव्हा ती चुलीपासून लांब लावा.

वाऱ्याची दिशा गावागणिक वेगळी. मालागाच्या किनाऱ्यावर पूर्वेकडून दमट लेबान्ते, पश्चिमेकडून पोनिएन्ते आणि डोंगराकडून येणारा कोरडा, भाजून काढणारा तेराल. कॅतालोनियाच्या ईशान्येकडच्या एम्पोर्दात आणि मेनोर्का बेटावर उत्तरेची त्रामोन्ताना. काठीला फीत बांधून आठवडाभर पाहा. झाकणाच्या गॅस ग्रिलवर पाठीमागून वारा आला की आतली तापलेली हवा पुढच्या बटणांकडे ढकलली जाते. बटणं वितळतात, ज्योत विझते. वारा अडवायला सलग भिंत किंवा काच उभी केली तर वारा तिच्यावरून उसळून पलीकडे भोवरे करतो. निम्म्या फटी असलेली आडोशाची जाळी वाऱ्याचा जोर जास्त चांगला मोडते.

टोल्डो घेताना वाऱ्याचा वर्ग विचारा. युरोपीय मानकात वर्ग १, २, ३ असतात. वर्ग २ म्हणजे ताशी ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा, वर्ग ३ म्हणजे ४९ पर्यंत. किनाऱ्यावर वर्ग २ च्या खालचं घेऊ नका, आणि मोटरवाला घेतलात तर वारा वाढताच आपोआप गुंडाळणारा सेन्सर त्याच वेळी बसवून घ्या.

परवानगी कुठली, कुणाची

फ्लॅट असेल तर पहिला प्रश्न असा की टेरेस खरंच तुमच्या मालकीची आहे का. सगळ्यात वरच्या मजल्याच्या फ्लॅटची, म्हणजे आतिकोची, टेरेस पुष्कळदा सामाईक मालकीची असते. तुम्हाला फक्त वापराचा हक्क मिळतो. खरेदीखत आणि कोमुनिदादचे, म्हणजे इमारतीतल्या मालकांच्या संघाचे, नियम दोन्ही वाचा. १९६० च्या ओरिझोन्ताल मालमत्ता कायद्याप्रमाणे (फ्लॅटच्या इमारतींच्या मालकीचा कायदा) टेरेस बंदिस्त करायला तीन-पंचमांश मालकांची आणि तितक्याच हिश्श्याची संमती लागते. कॅतालोनियाची स्वतःची नागरी संहिता आहे, तिथले आकडे वेगळे. टोल्डोचा रंग तर जवळपास प्रत्येक इमारतीत ठरलेला असतो. कोळशाच्या चुलीवर सरसकट देशभर बंदी नाही. ते नगरपालिकेच्या, म्हणजे आयुन्तामिएन्तोच्या नियमांवर आणि कोमुनिदादच्या ठरावांवर अवलंबून असतं.

स्वतंत्र घर असेल तर ओट्यासाठी साधारणपणे देक्लारासियोन रेस्पोन्साब्ले (स्वतःच्या जबाबदारीवर दिलेलं लेखी घोषणापत्र) किंवा छोट्या कामाचा परवाना पुरतो. पक्कं छत मात्र बांधीव क्षेत्रात धरलं जाऊ शकतं आणि हद्दीपासून सोडायच्या अंतराचा नियमही लागू होतो. समुद्राजवळ १९८८ चा किनारा कायदा लक्षात ठेवा: किनारारेषेपासून आत १०० मीटरचा संरक्षित पट्टा, जुन्या शहरी वस्तीत २० मीटर. या पट्ट्यात काम करायला वेगळी मंजुरी लागते. जंगलाला लागून घर असेल तर आगीचे नियम कडक आहेत. कॅतालोनियात १५ मार्च ते १५ ऑक्टोबर या काळात रानापासून ५०० मीटरच्या आत उघडी आग चालत नाही. आंदालुसियात हा पट्टा ४०० मीटरचा आणि धोक्याचा काळ १ जून ते १५ ऑक्टोबर. अशा ठिकाणी कोळशाचा विचारच सोडा. गॅस ग्रिलला चालतं का तेही आयुन्तामिएन्तोतून लेखी विचारून घ्या.

वजन आणि पाणी

आतिकोवर विटा-ब्लॉकचा ओटा बांधायचा मोह टाळा, हे आम्ही ठामपणे सांगतो. स्पेनच्या बांधकाम संहितेत खासगी वापराच्या गच्चीसाठी धरलेला वापराचा भार आहे दर चौरस मीटरला १ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो. आता हिशेब करा. २.४ मीटर लांब, ६५ सेंटिमीटर खोल ओटा. २० सेंटिमीटरच्या पोकळ सिमेंट ब्लॉकची पाठ आणि चार आडव्या भिंती मिळून सव्वाचार चौरस मीटर, दर चौरस मीटरला २०० किलो धरले तर साडेआठशे किलो. वर ३ सेंटिमीटर ग्रॅनाइट, सव्वाशे किलो. जवळजवळ एक टन वजन दीड चौरस मीटरवर बसतं. त्याजागी ॲल्युमिनियमचा सांगाडा, बाहेर सिमेंट बोर्ड आणि वर १२ मिलिमीटरची पोर्सेलानिको, म्हणजे पोर्सिलेनची, फरशी घेतली तर ग्रिलसकट दोनशे किलोच्या आत काम होतं. जमिनीवरच्या अंगणात ब्लॉकचा ओटा खुशाल बांधा. गच्चीवर बांधायचाच असेल तर आर्किटेक्टकडून लेखी हिशेब घेतल्याशिवाय नको.

गच्चीच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. त्यात एकही भोक पाडू नका, मग ते पर्गोल्याच्या पायासाठी असो वा ओट्याच्या क्लॅम्पसाठी. गळती खालच्या शेजाऱ्याच्या छतात दिसते तेव्हा भोक शोधण्यासाठी अख्खी फरशी उचलावी लागते. ओटा उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर, खाली रबरी पट्टी देऊन ठेवा. खालून १० सेंटिमीटर मोकळं राहिलं की पाणी वाहतं आणि झाडूही जातो. सुमिदेरो, म्हणजे पाणी जाण्याची जाळी, ओट्याखाली कधीच झाकली जाता कामा नये. शरद ऋतूत या किनाऱ्यावर काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला वालेन्सियात महापुराने काय झालं ते सर्वांनी पाहिलं आहे. एकच जाळी असेल तर कठड्यातून बाहेर पाणी टाकणारी जादा नळी काढून घ्या. काम संपल्यावर पाइपने टेरेस भिजवा आणि पाणी कुठे थांबतं ते पाहा. दर मीटरला १ ते १.५ सेंटिमीटर ढाळ पुरतो.

सिंकचं सांडपाणी पावसाच्या जाळीत सोडू नका. त्यातलं तूप-तेल नळी बंद करतं आणि बहुतेक ठिकाणी ते नियमबाह्यही आहे. सायफन लावून घरच्या सांडपाण्याला जोडा. पाण्याच्या ओळीला आत एक स्वतंत्र बंद करण्याची चावी हवी.

ओट्याचा माथा

मराठी घरात हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण हळद, चिंच आणि लिंबू. माकाएलचा पांढरा संगमरवर आलमेरियात सहज आणि स्वस्त मिळतो म्हणून लोक घेतात. लिंबाचा रस तासभर राहिला तर चकाकी जाते आणि हळदीचा डाग आत उतरतो. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये रेझिन असतं, ते उन्हात पिवळं पडतं. उत्पादकांची बाहेरच्या वापराची लेखी हमी नसेल तर घेऊ नका. पोर्सेलानिको किंवा ग्रॅनाइट हे दोनच भरवशाचे. ग्रॅनाइट विकत घेण्याआधी नमुन्यावर पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवा. पुसल्यावर काळसर वर्तुळ दिसलं तर दगड पाणी पितो, म्हणजे हळदही पिणार. सीलर दरवर्षी मारावा लागेल. काळा माथा टाळा. तो जुलैत हात भाजेल इतका तापतो आणि इथल्या जड पाण्याचे पांढरे ओघळ त्यावर ठळक उठतात.

माथ्याच्या पुढच्या कडेला, खालच्या अंगाला, कडेपासून २ सेंटिमीटरवर ५ मिलिमीटरची खाच कापून घ्या. ती नसेल तर पाणी पृष्ठभागाला चिकटून आत सरकतं आणि कपाटांच्या दारांवर टपकतं. कारागीर ही खाच सांगितल्याशिवाय काढत नाहीत.

ओट्याची उंची ९० सेंटिमीटर. शेगडीच्या दोन्ही बाजूंना निदान ४० सेंटिमीटर मोकळी जागा, एकीकडे ६० असेल तर पोळपाट मावतं. ओटा आणि टेबल यांत १२० सेंटिमीटर सोडा. घरातल्या स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांच्या आत ओटा असेल तरच तो रोज वापरला जातो. फरशी घसरण न होणाऱ्या वर्ग ३ ची मागा.

समुद्रापासून काही किलोमीटरच्या आत असाल तर ३०४ प्रतीचं स्टील नको, खाऱ्या हवेत कमी गंजणारं ३१६ घ्या. ग्रिल ३१६ चं घेऊनही गंज येतो तो बिजागऱ्या, स्क्रू आणि हँडलच्या खिळ्यांतून, कारण ते स्वस्त स्टीलचे असतात. खरेदीआधी दार उघडून नेमके तेच पाहा. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टीलचा स्क्रू लावताना मध्ये नायलॉनचं वायसर द्या, नाहीतर खाऱ्या हवेत स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

गॅस आणि वीज

केशरी बोम्बोनात, म्हणजे सिलिंडरमध्ये, साडेबारा किलो ब्युटेन असतं. व्यास ३० सेंटिमीटर, उंची ५०, भरलेलं वजन सुमारे २५ किलो. रेग्युलेटरसकट कपाटाची आतली मापं ४०×४०×६५ ठेवा. ब्युटेन शून्य अंशाजवळ वायूरूप घेणं थांबवतं. किनाऱ्यावर अडचण नाही. ग्रानादा, माद्रिदसारख्या थंडीच्या ठिकाणी ११ किलोचं प्रोपेन घ्या. दोघांचे रेग्युलेटर वेगळे, ब्युटेनचा ३० मिलीबार, प्रोपेनचा ३७. ब्रिटन किंवा जर्मनीतून आणलेला रेग्युलेटर इथल्या बोम्बोनावर बसत नाही. भारतातून आणलेल्या शेगडीवर सीई (युरोपीय मानकाची) खूण नसेल तर गॅसच्या तपासणीत ती नापास होते, आणि ही तपासणी दर पाच वर्षांनी अधिकृत कंपनीकडून करून घ्यावीच लागते. केशरी नळीवर बाद होण्याचं वर्ष छापलेलं असतं, तेही वाचा.

हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड. म्हणून कपाटाच्या तळाशी आणि वर, समोरासमोरच्या बाजूंना जाळ्या हव्यात. १५×१५ सेंटिमीटरच्या आम्ही पसंत करतो. दार घट्ट बसवून फक्त वरून हवा ठेवली तर गळलेला गॅस खाली साचून राहतो. शेगडीच्या ज्वाळेपासून बोम्बोना दीड मीटर लांब किंवा मध्ये उष्णतारोधक फळी.

फोडणी, पुऱ्या, मोठ्या पातेल्यातली आमटी यासाठी ग्रिलपेक्षा पाएयेरो, म्हणजे पाएया करायचा गोल बर्नर, फार उपयोगी पडतो. ४० सेंटिमीटरचा दोन कड्यांचा घ्या, आतली कडी एकटी पेटवून छोटी कढई चालते. बऱ्याच पाएयेरोंना ज्योत विझल्यावर गॅस तोडणारा सेन्सर नसतो, म्हणून ते उघड्यावरच वापरायचे. काचांनी बंद केलेल्या टेरेसवर नाही. वारा अडवणारी पत्र्याची कडी सोबत घ्या.

विजेच्या पॉइंटला निदान आयपी-एक्स-४ चं (पाण्याचे शिंतोडे रोखणारं) झाकण, ओळीवर वीजगळतीविरुद्ध ३० मिलिअँपिअरचं संरक्षण आणि १६ अँपिअरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार. तलाव असेल तर काठापासून साडेतीन मीटरपर्यंत विशेष नियमांचा भाग आहे, ओटा त्याच्या बाहेर ठेवा. फ्रिज, पंखा आणि इंडक्शन एकदम चालवायचं तर घराची करारातली वीजक्षमता आधी पाहा, ४.६ किलोवॉटवर घरातला एसी सुरू असताना इंडक्शन लावलं की मीटर वीज तोडतो. दिवे २७०० केल्विनचे लावा, पिवळसर प्रकाशाकडे कीटक कमी येतात.

वाघ डास स्पेनमध्ये २००४ साली सान्त कुगात देल वायेसला पहिल्यांदा सापडला आणि आता सगळ्या किनाऱ्यावर आहे. तो दिवसा चावतो आणि कुंडीखालच्या बशीतल्या घोटभर पाण्यातही अंडी घालतो. बशा काढून टाका किंवा वाळूने भरा, सायफन आणि जाळी आठवड्यातून एकदा पाहा, छताला पंखा लावा.

कामाचा क्रम

परवानग्या नोव्हेंबर-डिसेंबरात, काम फेब्रुवारी ते एप्रिल. ऑगस्टमध्ये कारागीर मिळत नाहीत, दुकानंही बंद असतात. वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या नळ्या आधी टाकून त्यांचे फोटो फुटपट्टीसह काढून ठेवा, मग सांगाडा, मग माथ्याचं माप. सांगाडा उभा राहण्याआधी माथा कापायला देऊ नका. टोल्डो आणि वेलीचा आधार त्यानंतर. ग्रिल आणि फ्रिज शेवटी, माथ्यातलं भोक मात्र ग्रिलच्या कागदावरच्या मापाने आधीच ठरवून.

सहाराची लालसर धूळ घेऊन येणारी कालिमा होऊन गेली, विशेषतः चिखलाचा पाऊस पडला, की माथा आणि स्टील कोरड्या फडक्याने पुसू नका. त्या धुळीचे कण ओरखडे पाडतात. आधी पाण्याने वरून खाली धुऊन काढा, मग मऊ फडकं. पोर्सेलानिकोच्या सांध्यात बसलेली धूळ ब्रशने काढा, ग्रिलच्या बर्नरची भोकं तपासा, आणि त्यानंतरच पुढची शेगडी पेटवा.