एलव्हीएमचा व्हॉल्यूम लहान करायचाय? आधी आतलं, मग बाहेरचं

एलव्हीएम म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी व्यवस्था. डिस्क एकत्र करून बनलेला साठा म्हणजे ग्रुप, त्यातून कापलेला तुकडा म्हणजे व्हॉल्यूम. तो नुसता वाढवायचा असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. व्हीजीएस कमांडने ग्रुपमध्ये मोकळी जागा आहे का ते बघा आणि एलव्हीएक्सटेंड या वाढवणाऱ्या कमांडला छोटा आर जोडा. माउंट न काढता फाइलसिस्टिमही (व्हॉल्यूमच्या आत फाइल मांडणारी रचना) सोबत वाढते.

लहान करताना मात्र घाम फुटतो. फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल (रेड हॅट ७ पासून तीच डीफॉल्ट आहे) तर नादी लागू नका. बॅकअप घ्या, नवा छोटा व्हॉल्यूम करा, डेटा परत टाका.

ईएक्सटी-४ लहान होते, पण क्रम चुकला की संपलं. अनमाउंट करा. ईटूएफएसचेक (फाइलसिस्टिम तपासणारी कमांड) छोट्या एफसकट चालवा. मग रिसाइझटूएफएसने फाइलसिस्टिम हव्या त्या मापापेक्षा थोडी जास्तच आवळा. व्हॉल्यूम १८० जीबी हवा असेल तर ती १७५ वर न्या. त्यानंतरच एलव्हीरिड्यूस, म्हणजे व्हॉल्यूम लहान करणारी कमांड. शेवटी रिसाइझटूएफएस माप न देता चालवा, उरलेली फट भरून निघते. नेमकं १८० चं गणित जुळवत बसणाऱ्यांचा सल्ला मी ऐकत नाही. पाच जीबीच्या मोबदल्यात झोप लागते.

आता एलव्हीरिड्यूसचं वजा चिन्ह. मोठ्या एलपुढे 'वजा २० जी' म्हणजे वीसने कमी कर. नुसतं '२० जी' म्हणजे वीसच ठेव. एका शनिवारी रात्री मी ते चिन्ह विसरलो. डेटा नष्ट होऊ शकतो असा इशारा समोर आला, तरी सवयीने वाय दाबलं आणि २०० जीबीचा व्हॉल्यूम २० वर आला. तेव्हापासून मी वजा वापरतच नाही, अंतिम माप लिहितो. नव्या आवृत्त्या आधी फाइलसिस्टिमचं माप तपासून अडवतात, पण जुन्या सर्व्हरवर ती सोय नाही.

तुमच्याकडूनही असंच झालं तर हात कीबोर्डवरून काढा. माउंट नको, एफएसचेक तर नकोच. ईटीसीमधल्या एलव्हीएम डिरेक्टरीत आर्काइव्ह नावाचा फोल्डर आहे, त्यात ग्रुपच्या मांडणीच्या जुन्या प्रती असतात. तिथल्या प्रत्येक फाइलच्या वरच्या भागात ती कोणत्या कमांडच्या आधी बनली ते लिहिलेलं असतं. तुमच्या एलव्हीरिड्यूसच्या आधीची शोधा, व्हॉल्यूम निष्क्रिय करा, व्हीजीसीएफजीरिस्टोरला (जुनी मांडणी परत आणणारी कमांड) ती फाइल द्या आणि पुन्हा सक्रिय करा. एलव्हीरिड्यूस फक्त नकाशा बदलतं, डिस्कवरचे ब्लॉक पुसत नाही. मात्र सुटलेली जागा मधल्या काळात दुसऱ्या व्हॉल्यूमला दिली असेल, किंवा एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये डिस्कार्ड (सुटलेले ब्लॉक आता नकोत असं डिस्कला कळवणं) चालू असेल, तर बॅकअपच शोधा.