पेशी कुणाचं ऐकतात? कोंबडीच्या गर्भाच्या प्रात्यक्षिकात या चुका टाळा

पहिली चूक अंडी आणतानाच होते. मंडईतून डझनभर अंडी आणायची, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि सकाळी फोडली की आत काहीच नाही. दुकानातली अंडी सहसा फलित नसतात, तेव्हा ती हॅचरीतूनच घ्या. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तापलेल्या खोलीत ठेवूही नका, कारण वाढ अर्धवट सुरू होते आणि पुढचे सगळे तास चुकतात.

आता खरा प्रयोग. बलकावरच्या पारदर्शक चकतीत, म्हणजे कोवळ्या गर्भात, मधोमध एक रेघ उमटते आणि तिच्या टोकाला बारीकशी हेन्सेनची गाठ असते. ती उचलून दुसऱ्या गर्भाच्या चकतीच्या कडेला लावली की तिथे दुसरा मेंदू-मणका घडू लागतो, कारण काय घडायचं याचा संदेश ही गाठ शेजारच्या पेशींना देते. पक्ष्यांच्या गर्भावर असे प्रयोग ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९३०च्या दशकात केले. त्यांच्याकडे एडिंबरोला शिकून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीचे गर्भ बाहेर काढून वाढवण्याचं तंत्र रुजवलं. हे काम आपल्याच गावात झालंय, म्हणून ते नीट व्हावं असं मला फार वाटतं.

मुलं तास मोजतात, गर्भ बघत नाहीत. ३८ अंश तापमानात १८-१९ तासांनी हवा तो वाढीचा चौथा टप्पा येतो, असं पुस्तकात असतं. पण इन्क्युबेटरचं दार चारदा उघडलं, मध्येच वीज गेली, की घड्याळाचा उपयोग नाही. रेघ पूर्ण लांब झाली का, ते भिंगाखाली पाहा. उशीर झाला तर गाठ संदेश देत असली तरी कडेच्या पेशी तो घेत नाहीत. 'सिग्नल गेला नाही' असं लिहून मोकळं होऊ नका. ऐकणाऱ्या पेशींची वेळ टळलेली असू शकते.

दुसरा मणका दिसला की 'गाठीपासून तो तयार झाला' असं लिहितात. ही मोठी चूक. गाठीच्या पेशी मुख्यतः मधला दांडा, म्हणजे नोटोकॉर्ड, घडवतात. त्यावरची चेतापेशींची पट्टी बरीचशी यजमान गर्भाच्या, म्हणजे ज्याला गाठ लावली त्याच्या, पेशींचीच असते. लावा पक्ष्याच्या पेशींचं केंद्रक कोंबडीपेक्षा वेगळं रंगतं, हे निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये दाखवल्यावर कुणाच्या पेशी कुठे गेल्या हे ओळखणं सोपं झालं. खूण नसेल तर निष्कर्षही नको. शिवाय एका गर्भात गाठीऐवजी दुसऱ्याच ऊतीचा तेवढाच तुकडा लावा, नाहीतर जखमेचा परिणाम कुठला आणि संदेशाचा कुठला, हे कळणार नाही.

आकाराबद्दलही गोंधळ असतो. सुरुवातीच्या विभाजनांत गर्भ वाढत नाही, तेच अंडं लहान लहान पेशींत वाटलं जातं. पण लहान म्हणजे दुय्यम नव्हे. समुद्री साळूच्या १६ पेशींच्या गर्भात तळाला ४ अगदी चिमुकल्या पेशी असतात. त्या वरच्या टोकाला बसवल्या तर तिथे दुसरं आतडं घडतं. असिडियन नावाच्या सागरी प्राण्यांच्या गर्भात तर एका पेशीची भिंत शेजारणीला किती चिकटलीय, यावर तिला किती संदेश मिळेल हे अवलंबून असतं. म्हणून जर्नलमध्ये सगळ्या पेशींची सारखी वर्तुळं काढू नका. खऱ्या मापाने काढा आणि कुणाची भिंत कुणाला किती टेकते तेही दाखवा.