जिनिंगात नवे सुपरवायझर झालात? ‘बरं हाय साहेब’ नीट ऐका

यंदाच्या दसऱ्याला मशीनपूजा करून जी पोरं जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करायच्या कारखान्यात, सुपरवायझर म्हणून उभी राहतील, त्यांच्यासाठी लिहितो. रोलर, गाठी, हजेरीपट तुम्हाला येतंच. माणसं सांभाळायचं मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि पहिल्याच हंगामात मी एक चांगला माणूस गमावला. अजून लागतं ते मनाला.

हिंगणघाट तालुक्यातलं जिनिंग. मी डिप्लोमा झालेला, २४ वर्षांचा. हाताखाली वडिलांच्या वयाचे फिटर आणि नुकतेच आयटीआय करून आलेले पोट्टे. मिस्त्रीकाकांचा तिथे २२ वा हंगाम होता. चालू मशीनखालची मूठभर सरकी ते तळहातावर पसरून उजेडात धरायचे. सरकीला रुई जास्त चिकटलेली दिसली की सेटिंग ढिली, सरकी फुटलेली दिसली की जास्त आवळलेली. पाच मिनिटांत मशीन जागेवर.

डिसेंबरात आवक भरात असताना रुई ओढणाऱ्या रोलरला खाचा पाडायचं काम मी त्यांच्याकडून काढून एका पोराला दिलं. काकांना दम लागायचा, पोरगा हुशार होता. हेतू वाईट नव्हता. पण सांगितलं सगळ्या पाळीसमोर. काका म्हणाले, “बरं हाय साहेब. तुमी म्हणान तसं.” मला वाटलं, पटलं त्यांना.

नव्या माणसा, इथेच थांब आणि नीट वाच. आपल्याकडे मोठ्या वयाचा माणूस वरिष्ठाला चारचौघांत नाही म्हणत नाही. त्याची नाराजी दिसते ती कामात. काकांनी सरकी बघणं सोडलं. भोंगा झाला की यायचे, भोंगा झाला की सायकल काढायचे. डबा सगळ्यांत बसून खायचे, ते गाठी बांधायच्या प्रेसच्या मागे एकटे बसू लागले. पंधरा दिवस हे मला दिसत होतं आणि मी हजेरीपटावरची टिकमार्क बघून खूश होतो. संक्रांतीनंतर ते आलेच नाहीत. आठवड्याभरात तेलमिलवाल्याची तक्रार आली, सरकी फुटकी येते म्हणून.

घरी गेलो तेव्हा एवढंच बोलले, “मले एकट्यात इचारलं असतं, तं मीच त्या पोराले शिकवलं असतं.”

म्हणून जुन्या माणसाचं काम बदलायचं असेल तर आधी, एकट्यात, आणि विचारून. सांगून नाही, विचारून.

पोरांचं उलटं असतं. एकाने पहिल्याच आठवड्यात पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा नंबर, मागितला. मला राग आला, हा आत्ताच जायच्या गोष्टी करतो म्हणून. चूक माझी होती. पगारातून १२ टक्के कापले जात असतील तर ते जमा होतात का, हे विचारणं त्याचा हक्क आहे. पुढे जेवणाच्या सुट्टीत तोच जुन्या लोकांना मोबाइलवर त्यांचं पासबुक उघडून दाखवायचा, आणि ते त्याला रोलरचं सांगायचे. तो पुढे नागपूरजवळच्या बुटीबोरीला गेला, पण महिनाभर आधी सांगून, बदली माणूस शिकवून. मी त्याला निष्ठावान म्हणतो.

“धाक ठेवा” सांगणाऱ्या वरिष्ठाचं ऐकू नका. वजनकाट्यावरच्या जुन्या मुनीमाजवळ बसा, कोणाच्या घरी काय चाललंय ते त्याला ठाऊक असतं. आणि हंगामाआधी जास्तीची उचल देऊन माणूस बांधायचा सोपा रस्ता तर अजिबात नको. कर्जात अडकलेला माणूस थांबतो, पण जीव लावून काम करत नाही.

हिशेब मात्र चोख ठेवा. हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना मालकाने द्यायची रक्कम, दर हंगामाला ७ दिवसांच्या मजुरीप्रमाणे धरतात. काकांचे पूर्ण झालेले २१ हंगाम म्हणजे १४७ दिवसांची मजुरी. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. अर्ज मी भरून दिला, मालकाच्या मागेही लागलो, पैसे मिळाले.

घाबरू नका, पहिल्या वर्षी सगळ्यांकडून चुका होतात, बहुतेक सुधारता येतात. काका मात्र परत आले नाहीत, दुसऱ्या जिनिंगात आहेत. मागच्या पोळ्याला भेटायला गेलो. चहा दिला आणि पहिलं विचारलं ते त्या पोराबद्दलच, “हात बसला का गा त्याचा?”