घसाऱ्याचा तक्ता संपला की जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत कशी पाहायची

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. विम्यासाठी गाडीची किंमत वयानुसार किती कमी धरायची, तो घसाऱ्याचा तक्ता झोपेतही म्हणून दाखवीन : सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40 आणि पाचव्या वर्षापर्यंत 50. पाच वर्षांनंतर तक्ता गप्प. पुढची किंमत विमा कंपनी आणि गाडीमालकाने आपसात ठरवायची. साध्या सेडानचं त्यात काही अडत नाही, तिची किंमत उतरतच जाते. पंचाईत होते ती भाव चढलेल्या गाड्यांची.

मे महिन्यात नागपुरात धरमपेठेतल्या एका डॉक्टरांनी बोलावलं. 2007 ची पोर्शे 911, पासिंग एमएच-31. "घेऊन तर राहिलो भाऊ, पण पैसे बुडणार नाहीत ना?"

आधी नाव नाही, पिढी पाहायची. 911 चं इंजिन 1998 पर्यंत हवेने थंड व्हायचं. 993 ही त्यातली शेवटची पिढी. तसं इंजिन पुन्हा होणार नाही, म्हणून 993 चा भाव चढला. पाठोपाठ आलेली, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची 996 मात्र बरीच वर्षं स्वस्तात पडून होती, नाव तेच असूनही. गिअरचंही तसंच. फेरारी 575 हाताच्या गिअरची असेल तर स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारीपेक्षा कितीतरी महाग जाते, कारण हाताचा गिअर फेरारीने पुढे बंदच केला. संख्या कमी म्हणजे किंमत जास्त, हे मात्र डोक्यातून काढा. कोणालाच नको होती म्हणूनही गाडी कमी बनते. आणि सुटे भाग? पोर्शे, मर्सिडीज आपल्या जुन्या गाड्यांचे भाग आजही पुरवतात. जी गाडी चालती ठेवता येते तिलाच गिऱ्हाईक.

डॉक्टरांची गाडी 996 नंतरची पिढी, 997, त्यातही 2009 च्या आधीची, म्हणजे जुन्या इंजिनाची. त्या इंजिनाच्या इंटरमीजिएट शाफ्टचं (आतल्या एका फिरत्या दांड्याचं) बेअरिंग निकामी होण्याची धास्ती जगभरच्या खरेदीदारांना असते. इंजिन उघडलं होतं का, हे बिलावर पाहायचं, तोंडी ऐकायचं नाही.

मग मी बसलो टायरपाशी. मीटरवर 19 हजार किलोमीटर, विकणारा त्यावर खूष. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे : 1413. म्हणजे 2013 सालचा चौदावा आठवडा. नक्षी जवळपास नवी, पण खाचांमध्ये केसासारख्या भेगा. गाडी जपली नव्हती, उभी ठेवली होती. दरवाज्याचं रबर चिमटीत धरलं तर पापडासारखं कडकलं. मुंबईची गाडी असेल तर खालून गंज शोधा. आपल्याकडे गंज कमी, पण 45 डिग्रीत रबर, होजपाइप आणि डॅशबोर्ड जातात. रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळ्या पत्र्यांवर लावा. इकडे 120 मायक्रॉन, तिकडे 130, असं चालतं. डाव्या मागच्या पत्र्यावर एकदम 600 दिसले तर आत पुट्टी आहे. या गाडीचा रंग अस्सल निघाला.

कागदांत इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. 2007 ची आरसी 2022 ला संपते. नूतनीकरण झालंय का ते पाहा. ते दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि आयात गाडीची फी देशीपेक्षा बरीच जास्त. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात सर्रास आणता येत नाही, त्यामुळे या जुन्या पिढीतल्या ज्या इथे आहेत, त्याच फिरत राहतात. किंमत टिकायला हेही एक कारण. पण घेणारेही मोजकेच. विकायला वर्ष लागलं तरी गोंधळू नका.

टायर, रबर, होजपाइप यांचा खर्च लिहून काढला आणि तेवढी रक्कम भावातून कापायला सांगितली. विकणारा आठ दिवस रुसला, मग तयार झाला. पॉलिसी काढताना डॉक्टरांनी या कामांची बिलं, रंगाचे आकडे आणि सोळा फोटो जोडले, तेव्हा कुठे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, मनासारखी मिळाली. सध्या ते फाटकासमोरचा उतार फोडून घेताहेत, पुढचा बंपर घासतो म्हणून.