मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेऊन नाशिक फिरायचंय? आधी रोल सांभाळायला शिका

आजोबांच्या कपाटात आग्फा क्लिक थ्री सापडलेला असो, कुणाकडून जुना याशिकामॅट घेतलेला असो नाहीतर पैसे साठवून हॅसलब्लाड आणलेला असो, आत जातो तो रोल एकच, १२० चा, ३५ एमएमपेक्षा रुंद फिल्मचा, म्हणून यांना मीडियम फॉरमॅट म्हणतात. कोडॅकने हा रोल १९०१ साली काढला आणि आजही तो नवा कोरा मिळतो, हे मला खरंच फार भारी वाटतं. आता माझं मत सांगतो, ठाम आहे. या कॅमेऱ्यांचे फोटो क्लिक करताना फार कमी बिघडतात, बिघडतात ते रोल घालताना, काढताना आणि घेऊन फिरताना. त्यामुळे लेन्स कुठली भारी यावर कमी बोलणारे आणि रोलवर जास्त.

आधी कॅमेरा कुठला न्यायचा ते उरकून टाकू. फिरायला जाताना दोन लेन्सवाला, म्हणजे याशिकामॅट, रोलायकॉर्ड, रोलायफ्लेक्स यातला कुठलाही सगळ्यात सोयीचा, वजन किलोच्या थोडंसं वर, लेन्स बदलायची भानगड नाही, शटरचा आवाज जवळजवळ येतच नाही. मामिया आरबी ६७ फार सुंदर कॅमेरा आहे पण लेन्स आणि बॅक (मागे लागणारा, रोल बसवायचा डबा) धरून पावणेतीन किलोच्या आसपास जातो, तो गाडीतून उतरून ट्रायपॉडवर लावायचा, रामकुंडाच्या पायऱ्यांवर दिवसभर गळ्यात घालायचा नाही. हॅसलब्लाड ५०० सीरीज असेल तर एक नियम पाठच करा, लेन्स काढताना आणि लावताना बॉडी आणि लेन्स दोन्ही वाइंड झालेल्या, म्हणजे हँडल फिरवून शटर ताणलेल्या पाहिजेत, नाहीतर कॅमेरा जॅम होतो आणि मग प्रवास तिथेच संपला. आणि बॅकमधली डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मसमोरची पातळ पत्र्याची पट्टी, काढल्याशिवाय शटर पडत नाही, तेव्हा बटण दाबलं जात नाही म्हणून जोर लावू नका.

रोल किती न्यायचे? ६ बाय ६ सेंटिमीटरच्या फ्रेममधे एका रोलवर १२ फोटो येतात, ६ बाय ७ मधे १०, ६ बाय ९ मधे फक्त ८. मी एका जागेला एक रोल धरतो, म्हणजे गोदाघाट एक, पांडवलेणी एक, त्र्यंबक एक, आणि वर एखादा जास्तीचा. सगळे रोल एकाच जातीचे घ्या, एका दिवसात तीन प्रकारच्या फिल्म वापरल्या की कुठल्या उजेडाला काय सेटिंग हे डोक्यात बसतच नाही. ब्लॅक अँड व्हाइटला इलफर्ड एचपी ५ प्लस, ४०० ची (हा फिल्मचा वेग, आकडा मोठा तेवढा कमी उजेड पुरतो), कारण तीच फिल्म उन्हात पण चालते आणि गल्लीत पण. कलरला पोर्ट्रा ४००, किंवा जरा स्वस्तात जायचं तर कोडॅक गोल्ड २००, ती १२० मधे २०२२ पासून मिळायला लागलीये. फ्रीजमधे ठेवलेला रोल बाहेर काढल्यावर दोन-तीन तास तसाच पाकिटात राहू द्या, लगेच फोडला तर पावसाळ्यातल्या दमट हवेत फिल्मवर बाष्प धरतं.

आता लोडिंग, इथे सावकाश वाचा. १२० च्या रोलला ३५ एमएमसारखा डबा नसतो, फिल्मच्या मागे काळा कागद असतो आणि तोच तिचं उजेडापासून रक्षण करतो, त्यामुळे कागद सैल झाला की कडेने उजेड शिरला. उन्हात उभं राहून रोल घालू नका. घाटावर असाल तर एखाद्या ओवरीत जा, देवळाच्या सावलीत बसा, काहीच नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत घाला. रिकामं स्पूल (फिल्म गुंडाळायचं रीळ) कॅमेऱ्यात आहे ना ते आधी बघा, कारण मागच्या रोलचं रिकामं झालेलं स्पूलच पुढच्या रोलला लागतं, ते फेकायचं नसतं, एक जास्तीचं बॅगेत कायम ठेवा. याशिकामॅटमधे भरलेला रोल खाली बसतो, कागदाचं टोक वरच्या स्पूलच्या खाचेत जातं, कागदाची काळी बाजू लेन्सकडे. मग एका बोटाने खालच्या रोलवर हलका दाब ठेवून हळूहळू फिरवायचं, म्हणजे कागद घट्ट गुंडाळला जातो, कागदावरचे बाण कॅमेऱ्याच्या कडेच्या खुणांसमोर आले की थांबायचं, मागचं झाकण लावायचं आणि हँडल आपोआप अडेपर्यंत फिरवायचं, काउंटरवर १ येतो. रोलायफ्लेक्स ऑटोमॅटवाल्यांनी बाण जुळवायची गरज नाही, पण कागद खालच्या दोन रोलरांच्या मधून गेलाच पाहिजे, कारण तो कॅमेरा फिल्मची जाडी तिथे ओळखतो, कागद वरून गेला तर अख्खा रोल न थांबता पुढे निघून जातो.

क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात मागे लाल खिडकी असते, तिच्यातून कागदावरचे आकडे बघत रोल पुढे सरकवायचा. आजच्या फिल्म लाल उजेडालाही संवेदनशील असतात, म्हणून खिडकीवर काळ्या टेपचा तुकडा लावा आणि आकडा बघण्यापुरता सावलीत उचला.

रोल संपला की काढताना पण तेच, सावलीत. बोटांनी घट्ट धरूनच बाहेर काढा, टोक खाली दुमडून कागदी पट्टी चिकटवा, नुसती ओढून लावू नका, नीट दाबा, वर रबर बँड लावला तर अजून बरं. मग लगेच काळ्या डबीत नाहीतर फॉइलमधे. पट्टीवर जागा आणि तारीख लिहा, संध्याकाळी सगळे रोल सारखेच दिसतात.

उजेड मोजायचं म्हणाल तर याशिकामॅट १२४ जी चा मीटर जुन्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, १.३५ व्होल्टच्या, ते सेल आता मिळत नाहीत आणि १.५ चा घातला की रीडिंग हलतं. मोबाइलवरचं लाइट मीटर ॲप पुरतं. पण उन्हात त्याचीही गरज नाही, ४०० ची फिल्म असेल तर शटर १/५०० सेकंद आणि कडक सावली पडतेय तोवर लेन्सचं छिद्र एफ १६ (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), सावली मऊ झाली की ११, सावलीच दिसत नाही तेव्हा ८, आभाळ भरून आलं की ५.६. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही, त्यामुळे शंका आली की एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त द्या. याशिकावर १/५०० लावायचा असेल तर वाइंड करायच्या आधी लावा, नंतर जोर करून फिरवू नका. आणि जुन्या शटरच्या सेल्फ टायमरला हात लावूच नका, तो अडकला की शटरही अडकतं.

काळाराम मंदिर काळ्या दगडाचं आहे आणि मीटरला ते कळत नाही, तो दगडाला राखाडी समजून उजेड जास्त सांगतो. नुसत्या दगडावरून रीडिंग घेतलंत तर दोन स्टॉप कमी करा, म्हणजे दगड काळाच दिसेल आणि कोरीव काम पण राहील. गाभाऱ्यात कॅमेरा काढू नका, बाहेरच्या आवारातच एक रोल सहज जातो.

गोदाघाटावर सकाळी लवकर जा. रामकुंडाजवळ नदी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे सकाळचं ऊन पंचवटीच्या अंगाने येतं आणि समोरच्या काठावर, सुंदरनारायणाच्या बाजूला पडतं. नारोशंकराचं देऊळ पंचवटीच्या काठावर, त्याला संध्याकाळचं ऊन चांगलं. म्हणजे सकाळ एका काठाची, संध्याकाळ दुसऱ्या काठाची, एवढं ठरवलं तरी फोटो वाया जात नाहीत. घाटावर लोक दशक्रियेला, अस्थिविसर्जनाला आलेले असतात, त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नका, हे मी विनवून सांगतो. बाकी कुणी भाजीवाल्या मावशी, फुलवाले काका असतील तर सरळ विचारायचं, "काका, एक फोटो काढू का?" दोन लेन्सवाला कॅमेरा पोटाशी धरून खाली मान घालून बघायचा असतो, तुमचा चेहरा झाकला जात नाही, समोरचा माणूस तुमच्याशी बोलत राहतो, आणि मग पोरं येऊन वरच्या काचेत डोकावतात. त्यांना बघू द्या. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, सुरुवातीला हात चुकीकडे जातो, पण एखाद्या रोलनंतर जमतं.

सराफ बाजार, भद्रकालीच्या गल्ल्या इथे फोकस करत बसलात तर क्षण जातो. ८० एमएमची लेन्स एफ ११ वर ठेवा, फोकस ४ मीटरवर, मग साधारण ३ ते ६ मीटरमधलं सगळं स्वच्छ येतं, नुसतं अंतर राखून चालत राहायचं. गर्दीची अजून एक जुनी युक्ती, कॅमेरा उलटा करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि खालून काचेत बघायचं, २०२७ च्या सिंहस्थात ज्यांना यायचंय त्यांनी घरी सराव करून ठेवा. जवळचा फोटो काढताना मात्र लक्षात असू द्या की बघायची लेन्स वर आणि फोटो काढायची खाली, मीटरभरावर असाल तर फ्रेम ठरल्यावर कॅमेरा दोन लेन्समधल्या अंतराएवढा वर उचला, नाहीतर डोकं कापलं जातं.

पांडवलेणीत उलटा प्रश्न, तिथे आत उजेड फार कमी. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून बाहेर ओट्यावर बॅग ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा आणि केबल रिलीजने (बटणाला लावायच्या लवचिक तारेने) शटर पाडा, कोरीव कामावर काही टेकवू नका. ३ नंबरच्या लेण्याचा दरवाजा आणि १८ नंबरचं चैत्यगृह यांच्यासाठी चार-सहा फ्रेम राखून ठेवा. एक सेकंदाच्या वर गेलात की फिल्म मंदावते, म्हणजे मीटर सांगतो त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो, इलफर्डच्या हिशोबाने एचपी ५ ला मीटर ४ सेकंद म्हणाला तर ६ द्यायचे आणि १० म्हणाला तर २०. हे कागदावर लिहून बॅगेत ठेवा. खाली पायथ्याशी फाळके स्मारक आहे, दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा, आणि सिनेमाच्या आधी त्यांनी फोटोग्राफीही केली होती, तेव्हा उतरताना तिथे जरा थांबावं असं मला वाटतं.

पावसाळ्यात त्र्यंबक, अंजनेरीकडे निघालात तर एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका, काच धुरकट होते. झिप पिशवीत सिलिका जेल घालून ठेवा, आणि घरी आल्यावर कॅमेरा लेदरच्या केसमधे बंद करू नका, बुरशी तिथेच लागते. हरिहरला जाताना कातळातल्या पायऱ्यांवर दोन्ही हात लागतात, कॅमेरा गळ्यात लटकता नको, सॅकमधे आत कपड्यात गुंडाळून. बाइकच्या डिकीत तर कधीच नको, धक्क्यांनी लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रोल राहू देऊ नका.

विमानाने जाणार असाल, ओझरहून किंवा मुंबईहून, तर रोल चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, तिथलं मशीन सगळ्यात जोरकस. हातातल्या बॅगेचं जुनं एक्स-रे मशीन ४०० पर्यंतच्या फिल्मला एक-दोनदा चालून जातं, पण नवे सीटी स्कॅनर एकाच फेरीत फिल्म धुरकटवू शकतात. रोल खोक्यातून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा, लवकर पोचा आणि हाताने तपासा म्हणून शांतपणे विनंती करा. कॅमेऱ्यात अर्धा रोल असला तर तोही मशीनमधून जाणार, म्हणून विमानतळाआधीच तो संपवा. एसटी आणि रेल्वेने जा, मला विचाराल तर, डोक्याला ताप नाही.

धुवायचं काय? कलर रोल मोठ्या शहरातल्या लॅबला कुरिअरने पाठवा, आधी फोन करून १२० घेतात का विचारा आणि निगेटिव्ह परत हवेत हे पाकिटावर लिहा, काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवतात. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुता येतं. एचपी ५ ला डी-७६ डेव्हलपर (फिल्म धुवायचं केमिकल) पाण्यात एकास एक पातळ करून २० अंशाला ११ मिनिटं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३० च्या वर असतं, त्यामुळे केमिकलच्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात घमेल्यात ठेवून थर्मामीटरने बघत राहा, २४ च्या खाली येत नसेल तर वेळ साधारण ८ मिनिटांवर आणा. वाळवताना पंखा बंद, बाथरूममधे आधी गरम पाणी सोडून धूळ बसवायची, मग रोल क्लिपने टांगायचा, खाली वजनाला दुसरी क्लिप. पूर्ण वाळल्यावर तीन-तीन फ्रेमच्या पट्ट्या कापून निगेटिव्हच्या पाकिटांत घाला आणि पाकिटावर रोलच्या पट्टीवरची जागा-तारीख उतरवून ठेवा.