प्रबंधात संदर्भ देताना या चुका टाळा

समजा, प्रबंधात लिहिलंय : (फुले, १८७३, पृ. १४०). दिसायला बिनचूक. 'गुलामगिरी' १८७३ साली निघाली हेही खरं. पण विद्यार्थ्याने वाचलेलं असतं ते य. दि. फडके यांनी संपादित केलेलं १९९१चं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय'. म्हणजे साल एका पुस्तकाचं आणि पान दुसऱ्याचं! परीक्षकाने पडताळायचं ठरवलं तर पहिल्या आवृत्तीत त्याला ते वाक्य त्या पानावर मिळणार नाही. एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संदर्भपद्धतीत यावर सोपा तोडगा आहे : (फुले, १८७३/१९९१, पृ. १४०). सालं दोन्ही द्या, पान मात्र तुम्ही वाचलेल्या प्रतीचं.

याचीच धाकटी बहीण म्हणजे न वाचलेल्या ग्रंथाचा संदर्भ. उतारा कुणाच्या तरी समीक्षेतून उचलायचा आणि नाव मूळ ग्रंथाचं टाकायचं. समीक्षकाकडून एखादा शब्द गळला असेल, तर तो तुमच्याकडेही गळतो आणि बिंग फुटतं. मूळ ग्रंथ मिळत असेल तर मिळवा. नसेलच मिळत तर सरळ 'उद्धृत' म्हणा, त्यात कसला आलाय कमीपणा?

तळटिपा देणाऱ्यांचा घात करतं ते 'तत्रैव', म्हणजे 'वरच्या टिपेतल्याच ग्रंथात'. मार्गदर्शक सांगतात, हा परिच्छेद वर घ्या. आपण तो उचलून वर चिकटवतो, आणि त्याची 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाच्या टिपेखाली जाऊन बसते. लेखन चालू आहे तोवर प्रत्येक टिपेत लेखक, ग्रंथ, पान लिहीत चला. 'तत्रैव' अगदी शेवटच्या प्रतीत.

शब्द बदलले म्हणून संदर्भ टळत नाही. विचार तर दुसऱ्याचाच असतो. आणि लांबलचक परिच्छेदाच्या टोकाला एकच कंस ठेवला, तर त्यातलं तुमचं काय आणि त्यांचं काय, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? सुरुवातच 'फडके यांच्या मते' अशी करा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. काहींना ती उचलेगिरीची सवलत वाटते! रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं त्या मोजणीतून वगळलीच जातात, तेव्हा अवतरणचिन्हं द्यायला घाबरू नका.

सादर करण्याआधी कंसातलं एकेक आडनाव संदर्भसूचीत शोधा, मग सूचीतलं मजकुरात. दोन देशपांडे किंवा दोन कुलकर्णी निघाले, आणि आपल्याकडे ते निघतातच, तर आडनावाआधी आद्याक्षरंही द्या.